पुरा इसार

मी सरजाबाई. तोंडाची फाटकी म्हनून गावात मव्हं नाव हाय, आन ते काई खोटं न्हाई. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मुकादमानं आमच्या बायांची हाजरी कमी लावली, तवा मी त्याला चारचौघात असा धुतला की दुसऱ्या दिवशी त्यानं गुमान बंद्यांच्या, एकूनएकीच्या, हाजऱ्या लावल्या. तीच मी बन्सीधर बूटवाल्याच्या दुकानात पाच महिने गरीब गायीवानी उभी राहिले. त्याचा राग मला अजून येतो. त्याच्यावर येतोच, पन मह्यावर जास्ती येतो.

जिंतूरपासून अडीच कोसावर आमचं गाव. मालक वारल्यापासून मी भावाकडंच राहते. सूर्यभान मह्याहून धाकला, निरा देवमानूस, म्हंजे कोनी बी त्याच्या डोक्यावर मिऱ्या वाटाव्या असा. त्याची पोरगी विशाखा. तीन वर्षांची असताना तिला ताप आला, आन ताप गेला तो उजव्या पायाची ताकद घेऊनच गेला. तो पाय दुसऱ्यापेक्षा अडीच बोटं आखूड राहिला. पोरगी एक पाय टाचेवर टाकते, एक चवड्यावर. घरात, गल्लीत हिंडते-फिरते, पन पाव कोस चालली की कमरेतून वाकती आन खाली बसती.

गावची शाळा चौथीपतूर. विशाखा तिच्यात पहिली आली. पाचवीची शाळा शेजारच्या गावात, दीड कोसावर. परभनीच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हनाले, "आखूड पायाला अडीच बोटं उंच तळाचा बूट करून घ्या. दोन्ही पाय सारखे टेकले की कंबर दुखनार न्हाई, पोरगी चालंल." पाचवीच्या माधवराव गुरुजींनी तिचं नाव पटावर घातलं. म्हनाले, "सरजाबाई, नाव घातलंय, पण पोरगी शाळेत दिसली पाहिजे. दिवाळीपर्यंत मी कसंतरी धकवतो. पुढं माझ्या हातात नाही." म्हंजे बूट आला तर शाळा, न्हाई तर मह्यासंगं खुरपं. इतकं सरळ व्हतं ते.

असला बूट करनारा सगळ्या परभनीत एकच, बन्सीधर. हैदराबादेत शिकून आलेला. हातात कसब हाय त्याच्या, ते मी आज बी नाकारत न्हाई. मिरगाच्या आधीची गोष्ट. आमी घरची एक पाट, तरनी शेळी, इकली आन मी पोरीला घेऊन परभनीला गेले. त्यानं खाकी कागद जमिनीवर हातरला, विशाखाला त्याच्यावर उभं केलं आन पेन्सलीनं पायाच्या भवतीनं रेघ काढली. कागदावर नाव लिवलं, तारीख लिवली. भितीला अशा कागदांची चळत खिळ्याला टोचलेली व्हती.

"पट्टीवर लाल दोऱ्याचं फूल काढता का?" विशाखानं हळूच इचारलं.

"काढू की. फुकट काढू," म्हनला. गोड बोलायला त्याला काई पैसे पडत नव्हते.

मंग हिशेब सांगितला. "चाळीस रुपये. निम्मे इसार, निम्मे माल नेताना. पंधरा दिवसांचा वायदा." मह्या आधी बाकड्यावर दोघं बसले व्हते, त्यांनी निम्मे निम्मेच दिले, मी डोळ्यानं बघितलं. तरी मी पदराची गाठ सोडून चाळीसच्या चाळीस त्याच्यापुढं ठेवले.

आता तुमी म्हनताल, बाई येडी का खुळी? सांगते. मव्हा बाप छप्पन साली धम्मात आला. त्याच्या आधी जल्मभर त्यानं लोकांच्या पायरीखाली उभं राहून वस्तू घेतली. देतील तवा घ्यायची, देतील ती घ्यायची. दीक्षा घेतल्यावर त्यानं आमाला एकच शिकवन दिली, "पोरांनो, आता रोख मोजून घ्या आन उभ्यानं घ्या. कुनाच्या दारात बाकी ठेवू नका. बाकी ठेवनाऱ्याची मान खाली ऱ्हाती." आमच्या घरात ते असं भिनलं की उधारीची मिठाची पुडी बी आली न्हाई. म्हून मी पुरे पैसे मोजले, मान वर करून. बन्सीधर हासला. "अशी गिऱ्हाईकं पाहिजेत," म्हनला, आन कागदाच्या कोपऱ्यावर 'पुरे' असं लिवलं. मला लय बरं वाटलं व्हतं तवा. काय सांगावं.

पंधरा दिवसांनी गेले. "बाई, चामडं यायचंय हैदराबादेहून." बरं म्हनलं, आले माघारी. मंग आखाडात गेले, एश्टीचं तिकीट आन एका दिवसाची मजुरी घालवून. "कारागीर आजारी हाय." बरं. पोळा झाल्यावर गेले, तर स्वारी दुकानात न्हाईच. त्याची बायको म्हनली, "बाजाराला गेलेत. हप्त्यातले चार दिवस बाजारच करतेत आता." तिसऱ्यांदा मी रिकाम्या हातानं एश्टीत बसले. चौथ्या खेपेला तो सापडला. मी उंबऱ्यावर उभीच, तवर मह्या मागून कितीतरी दिवसांनी माप दिलेला एक अडत्या आला, उरलेले निम्मे पैसे टाकले आन बूट घालून करकर वाजवीत गेला.

"ह्याचं कसं झालं आधी?" मी इचारलं.

"त्यांचा नंबर होता, बाई. तुमचा पुढच्या हप्त्यात नक्की. वायदा म्हंजे वायदा."

तितं मी तोंड उघडायला पाहिजे व्हतं. पन मनात आलं, हा चिडला तर बूट आनखी लांबनीवर टाकंल. पुरे पैसे त्याच्याकडं, बूट त्याच्याकडं, मह्याकडं काय? नुसती गरज. अशी पाळी आली की भल्याभल्यांची जीभ आत जाती बगा.

घरी विशाखा वाटच बगायची. मी रिकामी दिसले की काई इचारायची न्हाई, नुसतं पानी आनून द्यायची. पाचवीची पुस्तकं तिनं वरच्या वर्गातल्या पोरीकडून आनली व्हती, ती दारात बसून वाचायची. शाळेला जानारी पोरं समोरून जायची तवा मातर आत उठून जायची. ते बगून मह्या काळजाचं पानी व्हायचं.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली. सूर्यभाननं मिरच्याचं पोतं बैलगाडीत टाकलं आन आमी जिंतूरच्या बाजाराला निघालो. विशाखाला बी घेतलं, तेवढंच लेकराचं मन रमंल म्हनून. मी मिरच्या मांडून बसायलेय, तर पोरीनं मव्हा खांदा हालवला.

"आत्या. मव्हा बूट."

"कुठं ग?"

तिनं बोट केलं. समोर लिंबाखाली बन्सीधर पटकूर हातरून बसलेला. बाजूला पेटी, पेटीत रापी, आऱ्या, लाकडी पायासारखे फर्मे. आन म्होरं उलटा डबा, डब्यावर एकच बूट. उंच तळाचा, काळाभोर, तेल लावून चकचकीत केलेला. पट्टीवर लाल दोऱ्याचं फूल.

"बघा, बघा, हातात घेऊन बघा," तो म्हनायलाय. "असा बूट अख्ख्या जिल्ह्यात कोन करून दावंल? लंगडं पोरगं पळायला लागंल. निम्मा इसार, पंधरा दिवसांत माल घरी."

त्याच्यापुढं एक मानूस उकिडवा बसला व्हता. आश्रुबा त्याचं नाव, पलीकडच्या गावचा, हे मला मागून कळलं. मांडीवर सात-आठ वर्षांचं पोरगं, त्याचा बी एक पाय काडीवानी. आश्रुबा कनवटीचे पैसे काढून मोजायला लागला व्हता.

मी उठले ते मिरच्यावर पाय देऊनच उठले. जाऊन आश्रुबाचा हात धरला. "दादा, पैसे आत ठेव. ह्या बुटाचे पैसे मिरगाच्या आधीच देऊन झालेत. मी दिलेत. पुरे!"

बन्सीधरचं तोंड उतरलं. "बाई, तुमी हितं... अहो, तुमचाच आनून देनार होतो, या हप्त्यात..."

"कधी झाला हा बूट?"

"झाला... झाला असंल..."

"खरं बोल. न्हाई तर ह्या बाजारात तुव्ही अब्रू पायलीनं मोजून घेते!"

मानसं जमली. मह्या आवाजाला मानसं जमायला येळ लागत न्हाई. तो इकडं बगतो, तिकडं बगतो. शेवटी म्हनला, "बूट पहिल्या वायद्यालाच झाला होता. पन असा सुरेख उतरला की म्हनलं, दोन बाजार नमुना म्हनून दावू. त्याच्यावर इसार यायला लागले, मंग राहिला. त्यात एवढं काय? तुमचे पैसे तर येऊन गेलेले होते, बाई! ज्याचे यायचे बाकी, त्याचा माल आधी द्यावा लागतो. मला बी पोट हाय."

ऐकलं का? पहिल्या वायद्याला! मी एश्टीच्या खिडकीत बसून चामड्याची काळजी करायले, कारागिराच्या दुखन्याची काळजी करायले, आन बूट तयार! पोरगी दारात बसून दुसऱ्यांची शाळा बगायली, आन तिचा बूट जिंतूरचा बाजार करायलाय, पूर्ण्याचा बाजार करायलाय, सगळा जिल्हा फिरायलाय! आन कामून? तर आमी बाकी ठेवली न्हाई म्हनून. ज्यानं निम्मे दिले त्याला नंबर, ज्यानं इमानानं पुरे दिले त्याला उंबरा. मह्या अंगाची लाही लाही झाली.

मी काई बोलायच्या आत विशाखा पुढं झाली. तिनं डब्यावरचा बूट उचलला, खाली बसली आन पायात घालायला लागली. बराच येळ लागला तिला. दोन्ही हातानं ओढला, पट्टी आवळली आन उभी राहिली. सरळ उभी राहिली. मी त्या पोरीला तीन वर्षांच्या वयापासून कधी सरळ उभी बघितली नव्हती. सूर्यभान गाडीजवळून बगायला, त्याच्या हातातला कासरा खाली पडला.

"बसतो, आत्या," ती म्हनली. "लय मस्त बसतो."

आन चालली. लिंबाच्या बुडापासून मिरच्याच्या पोत्यापतूर, दोन्ही पाय सारखे. बाजारातल्या बाया 'अगं बाई' म्हनायल्या. पन मी पाय बगत नव्हते, मी पोरीचं तोंड बगायले. खालचा ओठ दातात धरलेला, डोळ्यात पानी तरारलेलं.

"काढ तो," मी म्हनले.

"बसतो की! उद्यापासून शाळेत जाते. बसतो म्हनले ना!"

मी तिला खाली बसवून बूट काढला. तेवढ्यात टाचेची साल निघाली व्हती. बोटं एकमेकावर चढून लालबुंद. पाय वाढला व्हता. लेकराचा पाय हाय, पाच महिने काय वायद्याची वाट बगत थांबनार हाय का? लुळा झाला तरी थोडा का व्हईना, वाढतोच. ज्या बुटासाठी घरची पाट इकली, तो पोरीनं एकदा बी शाळेला न घालता आखूड झाला.

"पाय वाढला, त्याला मी काय करू?" बन्सीधर म्हनला. आन त्याच दमात, सवयीनं, त्याच्या तोंडातून निघून गेलं, "नवा करावा लागंल. निम्मा इसार द्या, पंधरा दिवसांत..."

म्होरचं त्याचं त्यालाच बोलवंना.

मी त्याची पेटी उचलली. रापी, आऱ्या, फर्मे, सगळ्यासकट. चांगली वजनदार व्हती, पन रागात वजन कळत न्हाई. नेऊन आमच्या गाडीत ठेवली आन तिच्यावर बसले.

"अहो बाई! मव्ही रोजीरोटी हाय त्याच्यात!"

"मह्या पोरीची शाळा तुह्या पिशवीत व्हती, पाच महिने. आता इसार तू दे. ही पेटी इसार. बूट दे आन पेटी ने."

"पेटी बिगर बूट कसा करू?"

"आमच्या गावाला ये. ओसरीवर बस. दोन टाइम भाकर देते, उगं उपाशी न्हाई ठेवायची. पायापुढं बसून बूट कर."

"पोलिसात जाईन मी."

"जा. मी बी येते. तितं सांग, बूट कधी झाला व्हता ते."

तो मानसांच्या तोंडाकडं बगायला. एक बी मानूस त्याच्या बाजूनं बोलला न्हाई. आश्रुबानं पैसे कनवटीला लावले आन पोराला खांद्यावर घेतलं. "बाईचा बूट होऊ दे आधी," म्हनला. "मंग माप देतो. पैसे मंगच बगू." हे ऐकलं तवा बन्सीधर हालला. मह्या शिव्यांनी हालला नव्हता, गिऱ्हाईक उठलं तवा हालला.

दुसऱ्या दिवशी येरवाळीच, दिवस उगवायला, तो चामडं काखेत मारून आमच्या दारात आला. नवा कागद, नवी रेघ. पुढच्या बाजूनं आंगठ्याएवढी जागा जास्ती धरली. दोन दिवस ओसरीवर मान खाली घालून बसला. विशाखा समोरच बसायची, त्याला दोरा ओवून द्यायची. पोरीच्या मनात काई नसतं. मह्या मनात व्हतं.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी, दिवस मावळायच्या आत बूट झाला. पट्टीवर लाल फूल सुद्धा.

"दोन दिवसात झाला की रे," मी म्हनले. "मंग पाच महिने कशाचे व्हते?"

त्याच्या दातात बारीक खिळे धरलेले व्हते. शेवटचा खिळा ठोकला, पेटी उचलली आन गेला.

सकाळी विशाखा दीड कोस चालली. वाटंत दोनदा बसली, पन चालली. मी दप्तर घेऊन मागून. शाळेच्या दारात माधवराव गुरुजी भेटले. बुटाकडं बघितलं, आन त्यांचं तोंड कसनुसं झालं.

"सरजाबाई, मागच्या सोमवारी तपासणीला साहेब आले होते. सलग गैरहजर म्हणून तीन नावं कमी करायला लावली. मी पुष्कळ बोललो हो, ऐकलं नाही. आता जूनमध्ये नव्यानं नाव घालू."

मागचा सोमवार. बाजाराच्या आधीचा. ज्या दिवशी पोरीचं नाव कापलं, त्या दिवशी तिचा बूट कोन्या तरी बाजारात उलट्या डब्यावर उभा व्हता. तिच्या पायाला बसत असलेला, नसलेला, देव जाने. मी तितंच दारात खाली बसले. साहेबाला शिव्या देऊ, बन्सीधरला देऊ का मह्या तोंडात मारून घेऊ, काई समजंना.

विशाखा आत गेली आन मागच्या तरटाच्या पट्टीवर बसली. गुरुजींनी हाजरी काढली, एकेक नाव घेतलं. पोरं 'हजर, हजर' म्हनायली. शेवटचं नाव झालं, गुरुजींनी हाजरीबुक मिटलं. तवा विशाखा उठली. भितीला धरलं न्हाई, मांडीवर हात टेकला न्हाई. दोन्ही पायावर उभी राहिली आन म्हनली, "हजर."

एक पोरगं खिदळलं. गुरुजींनी त्याच्याकडं असं बघितलं की ते गप झालं. हाजरीबुक त्यांनी परत उघडलं न्हाई. "खाली बस," म्हनले. "पुस्तक काढ."

आता ती रोज जाते. नाव न्हाई पटावर, तरी जाते. वर्ष मातर गेलं ते गेलंच, जूनला पुन्ना पाचवीच. आन जूनपतूर पाय वाढनार, आंगठ्याएवढी जागा कितीक दिवस पुरंल? म्हंजे पुन्ना बन्सीधर, पुन्ना खाकी कागद, दुसरा करनारा हाय कुठं. पन या खेपेला मी निम्मेच देनार. निम्मे पदराला बांधून ठेवनार आन बूट पायात चढल्याशिवाय गाठ सोडनार न्हाई.

बापानं सांगितलं व्हतं, कुनाच्या दारात बाकी ठेवू नका. तो आज असता तर त्याला लय वाईट वाटलं असतं. मला बी वाटतंय. पन बाकी ठेवल्याबिगर आमाला कोन नंबर देईना, तर मी काय करू?